धान घरात, गाणं मांडवात

बल्लारशाहून गोंदियाकडे जाणारी गाडी चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडते आणि वडशाला थांबते. सरकारी कागदांवर या गावाचं नाव देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या गावात झाडीपट्टी रंगभूमीच्या पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांचा कारभार चालतो. दिवाळीनंतर इथे गावोगावचे आयोजक येतात, नाटक पसंत करतात, तारीख ठरवतात, विसार देतात आणि परत जातात. पुढचे चार महिने या कंपन्यांच्या गाड्या रात्रंदिवस चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत फिरत असतात. त्यांतली नाटकं गाण्यांशिवाय उभीच राहत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गाडीत नटांबरोबर गाणारे आणि वाजवणारेही असतात.

आता याच रुळांचं दुसरं टोक पाहा. बल्लारपूर, म्हणजे रेल्वेचं बल्लारशा, वडशापेक्षा कितीतरी मोठं. २०११ च्या जनगणनेत बल्लारपूरची लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात होती आणि देसाईगंजची तीस हजारांच्या आत. इथे कागद कारखाना आहे, कोळसा खाणी आहेत, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं मोठं जंक्शन आहे, सागवानाचा नावाजलेला डेपो आहे. दर महिन्याला पगार घेणारी माणसं आहेत. मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी अशा भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. गळा आणि हात यांची वाण तर कधीच नव्हती. तरीही गाण्यावाजवण्यावर पोट भरणाऱ्यांचा कायमचा गोतावळा वडशात जमला, बल्लारपुरात जमला नाही. हे का झालं, हे नीट पाहिलं तर कुठल्याही गावातलं स्वतंत्र संगीत कशावर तगतं आणि कशामुळे बसतं, हे बरंच उलगडतं.

स्वतंत्र म्हणजे इथे इतकंच, की ज्याचा पैसा आणि निर्णय मुंबईच्या सिनेमा कंपनीकडून किंवा कॅसेट कंपनीकडून येत नाही. गाणारे जवळचे, ऐकणारे जवळचे, आणि पैसाही त्यांच्याच खिशातून. अशा संगीताला गुणी माणसं लागतात हे खरंच, पण ती जवळजवळ प्रत्येक गावात सापडतात. अवघड असतात त्या बाकीच्या गोष्टी: वर्षातले ठरलेले दिवस, एकत्र बसायची जागा, तोटा सोसायला तयार असलेलं मंडळ, रात्री-अपरात्री घरी पोचवणारी गाडी आणि वाजवून झाल्यावर हातात पडणारी नाईट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन. यातलं एक जरी निखळलं तरी गुणी माणूस शेवटी किराणा दुकानात किंवा ठेकेदाराकडे कामाला लागतो.

झाडीपट्टीत हे सगळं धानाने जुळवून दिलं. चार जिल्ह्यांचा हा पट्टा तलाव-बोड्यांचा, भाताचा. कार्तिक-मार्गशीर्षात कापणी होते, पुंजणे लागतात, मळणी होते, धान विकलं जातं आणि वर्षातून एकदाच हातात रोख येते. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना आवर्जून बोलावणं जातं, सोयरिकीची बोलणी निघतात. आलेल्या पाहुण्याला रात्री काय दाखवायचं, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे नाटक. गावाची तारीख ठरलेली असते. शेजारच्या गावाची वेगळी असते, म्हणजे पाहुणाही फिरता राहतो आणि कंपनीही. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. पिकाच्या चक्राला गाणं बांधलेलं असल्यामुळे ते वर्षातले आठ महिने झोपलं तरी मरत नाही, दिवाळीला पुन्हा उठतं.

या रंगभूमीचं मूळ दंडारीत सापडतं. दंडार हा झाडीतला जुना लोकनाट्यप्रकार, गाण्यानाचण्याचा, गावातल्याच माणसांनी गावासाठी करायचा. खडी गंमतही याच मातीतली. डफ, ढोलकी, तुणतुणं, शाहीर आणि बाईच्या वेशातला नाच्या. दोन शाहिरांचे फड समोरासमोर उभे राहून रात्रभर सवाल-जवाब करतात. या तयार कानांवर पुढे संगीत नाटकाचा संस्कार झाला. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि पदांनी भरलेल्या नाटकाची गोडी हळूहळू महाराष्ट्रभर पसरली. पुणे-मुंबईकडे ती ओसरायला लागली ती बोलपट आल्यावर. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक नाटक मंडळ्या बसल्या. गाणारे नट सिनेमाकडे गेले, थिएटरं सिनेमाला मिळाली. झाडीत मात्र सिनेमाला पोचायला थिएटर नव्हतं, वीज नव्हती, पावसाळ्यात रस्तेही नव्हते. गॅसबत्तीच्या उजेडात नाटक चालू राहिलं. ज्या अभावाने हा मुलूख मागे राहिला, त्यानेच इथलं गाणं झाकून ठेवलं. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, कारण तोच अभाव दवाखान्याचा आणि शाळेचाही होता. पण कारण म्हणून ते नोंदवलं पाहिजे.

वडसाच केंद्र का झालं, याचं उत्तर नकाशात आहे. चारही जिल्हे जिथे जवळ येतात, तिथे हे गाव आहे आणि गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे लाभली ती इथेच. नागपूरहून येणाऱ्या नटीला, गोंदियाच्या तबलजीला, ब्रह्मपुरीच्या गायकाला सारखंच सोयीचं. कंपन्या इथे बसल्या म्हणून बिछायतवाले, साऊंडवाले, पडदे रंगवणारे, पत्रकं छापणारे आले. ते आले म्हणून आणखी कंपन्या आल्या. सुताराला वखार जवळ असावी तसं वादकाला हे सगळं जवळ लागतं. एका कंपनीत बिनसलं तर दुसरीचं दार त्याच रस्त्यावर असतं, म्हणून माणूस गाव सोडून जात नाही.

पैशाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. कंपनी ठरावीक रक्कम घेऊन नाटक करते. तिकीटविक्री गावच्या मंडळाकडे. मांडव, बैठक, परवानगी ही जबाबदारीही मंडळाचीच. गर्दी झाली तर नफा गावाचा, आणि तो बऱ्याचदा गावच्या सामाईक कामाला लागतो. तिकीट कमी खपलं तर घाटाही गावाचा. म्हणजे जोखीम घेणारा कुणी दूरचा धनी नाही. शंभरेक घरांच्या गावातली दहा-पंधरा पोरं आणि दोन-चार जाणती माणसं ती आपल्या अंगावर घेतात. या रचनेला माझ्या मते पुरेशी दाद मिळालेली नाही. कुठल्याही सरकारी अनुदानापेक्षा तिने जास्त कलावंत पोसले आहेत.

नाटक सुरू होतं रात्री दहाच्या पुढे आणि संपतं पहाटे. थंडी मरणाची. माणसं बसायला तट्टी, पांघरायला ब्लँकेट घेऊन येतात. पुढ्यातल्या वादकांकडे लक्ष दिलं तर त्या रात्रीचं खरं काम तिथे चाललेलं दिसतं. ऑर्गनवाल्यासमोर स्वरलिपी नसते. सलग कितीतरी रात्री धुळीत आणि गारठ्यात गाऊन नटाचा आवाज बसलेला असतो. काल ज्या पट्टीत गायला त्या पट्टीत आज गळा चढत नाही. तो संवादाच्या शेवटी किंचित आलाप घेतो, तेवढ्यावरून ऑर्गनवाला पट्टी ओळखतो आणि गाणं खाली आणून ठेवतो. पूर्वी पेटीवर हे बोटांनीच करावं लागे, म्हणजे तेच पद रोज वेगळ्या सफेद-काळ्यांवरून वाजवायचं. आता कीबोर्डवर बटण असतं, पण बटण किती दाबायचं हे कानालाच कळतं. शेजारी तबला-ढोलकी. तिसरा ऑक्टोपॅडवर. गाण्यात तो ठेका देतो आणि प्रवेशात थप्पड, वीज, दार आपटणं, विनोदी नटाचं धपकन पडणं. नटाचा हात आणि ऑक्टोपॅडवाल्याची काठी एका क्षणी पडली नाही तर मांडव हसण्याऐवजी गप्प बसतो. मध्येच लावणी येते, आवडलेल्या गाण्याला बक्षीस येतं, त्याचा पुकारा होतो आणि गाणं थांबलं होतं तिथून उचललं जातं. सहा-सात तास हे असं चालतं. पहाटे सामान बांधून गाडीत, झोप गाडीत, संध्याकाळी नवं गाव. कुठल्या विद्यालयात ही तालीम मिळणार?

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, अशी त्यांच्या नावावरची नोंद. त्या दिवशी वडशात जो आनंद झाला तो एका माणसाच्या सन्मानाचा होताच, पण त्याहून जास्त आपल्या हंगामाला कुणीतरी दखलपात्र मानल्याचा होता. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी या रंगभूमीवर शेतकऱ्याच्या जगण्याचे प्रश्न आणले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा केला. तरी पुण्या-मुंबईत छापल्या गेलेल्या मराठी संगीताच्या इतिहासांत या पट्ट्याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. हे अन्यायाचं आहे आणि ते तसं म्हणायलाही हवं.

धक्के या हंगामालाही बसले. मंडईइतकाच नाटकाचा जुना सोबती म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या आणि गावात बाहेरची माणसं खेचणारं एक मोठं निमित्त गेलं. नाटकांनी मंडईचा आधार घट्ट धरला आणि दिवस काढले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला आणि पट परतले. मधल्या काळात करोना आला. २०२० ची दिवाळी आली आणि हंगाम बुडाला. वर्षभराची कमाई चार महिन्यांत करणाऱ्या माणसाचा एक हंगाम जाणं म्हणजे पूर्ण वर्ष जाणं. वादकांनी वाद्यं गुंडाळली आणि मिळेल ते काम धरलं. इथेही तारलं ते धानाने, कारण यातले बरेच कलावंत घरचे शेतकरी किंवा शेतमजूर. कलेवरच पूर्ण विसंबून असलेल्या शहरी कलावंतापेक्षा ते या एका बाबतीत जास्त टिकाऊ निघाले.

त्याहून हळू चालणारं एक दुखणं आहे. गर्दी खेचायला काही वर्षांपासून मुंबई-पुण्याचे मालिकांतले चेहरे आणले जातात. पत्रकावर त्यांचा फोटो मोठा, मानधनही मोठं. प्रयोगाची रक्कम मात्र गावाला परवडेल तेवढीच राहते, म्हणून कात्री लागते ती मागच्या फळीला. तिथे आधी वादक असतो. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये छोट्या संगीतगृहांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात तिथली अशी १२५ ठिकाणं बंद पडली, त्याच काळात स्टेडियममधले मोठे कार्यक्रम मात्र भरभरून चालत होते. उपाय म्हणून मोठ्या कार्यक्रमाच्या दर तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांसाठी बाजूला काढावा, अशी मागणी तिथे पुढे आली. वडशातल्या निर्मात्यांनी विचार करावा असाच हा हिशेब आहे. मोठ्या चेहऱ्याच्या प्रयोगातला थोडा वाटा वादकांच्या आजारपणासाठी वेगळा ठेवता येईल, त्यासाठी कुठल्याही मंत्रालयाची वाट पाहावी लागणार नाही.

आता बल्लारपूर. गोंड राजांची ही जुनी राजधानी, वर्धेच्या काठी किल्ला अजून उभा आहे. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे परधान हे या मुलखाचे सर्वांत जुने व्यावसायिक गवई म्हणावे लागतील. यजमानाच्या घरी ठरल्या वेळी जायचं, त्याच्या पूर्वजांची गाथा गायची आणि ठरलेलं दान घ्यायचं. राज्य गेलं, यजमान गरीब झाले, तशी ही व्यवस्थाही विरत गेली. विसाव्या शतकात गावाला नवा यजमान मिळाला. कागद कारखाना १९४५ चा, जोडीला रेल्वे आणि कोळसा. कारखान्याच्या गावात गाणं कसं वाढतं, हे मुंबईच्या गिरणगावाने आधीच दाखवलं होतं. पाळीवरून सुटलेले कामगार, चाळीतली भजनी मंडळं, शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचं १९४४ मध्ये उभं राहिलेलं लाल बावटा कलापथक, परळचं दामोदर नाट्यगृह. आणि ते कसं ओसरतं, हेही गिरणगावानेच दाखवलं. जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद झाल्या, कामगार पांगले. १९२२ चं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. इंग्लंडमधलं मँचेस्टर हेही गिरण्यांचंच शहर. तिथे १९७८ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली, १९८२ मध्ये तिच्या पैशातून हॅसिएंडा हा क्लब निघाला. शहराचा आवाज जगभर गेला, तरी १९९२ मध्ये कंपनी बुडाली आणि १९९७ मध्ये क्लबही बंद झाला. गर्दी होती, हिशेब नव्हता.

कारखान्याच्या गावाची अडचण ही, की तिथल्या गाण्याला पगार पोसतो आणि पगार दुसऱ्याच्या हातात असतो. गणपती, शारदा, एक मे, कॉलनीतला वर्धापनदिन, यांवर बल्लारपुरात ऑर्केस्ट्रे चालले. वादक चांगले होते. पण ते वाजवत होते सिनेमाची गाणी, हुबेहूब. जी गोष्ट हुबेहूब करण्यातच कसब असतं, ती यंत्र आलं की आधी जाते. आधी सीडी आली, मग कराओके. आज मोबाईलवर ट्रॅक लावून गाणाऱ्यांचे ग्रुप गावोगाव आहेत. गाण्याची हौस तर उलट वाढली आहे, तिला उगाच नावं ठेवू नयेत. पण चार वादकांचं काम त्यात गेलं ते गेलंच. मिरवणुकीत बँडची जागा धुमालने घेतली. नागपूर ते रायपूर या पट्ट्यातला हा प्रकार, ताशे-ढोल आणि कीबोर्ड यांचा. त्याला निदान माणसं लागतात. त्याच्या मागोमाग डीजेच्या भिंती आल्या, त्यांना एक माणूस पुरतो.

भीमगीतांची आणि कव्वालीची गोष्ट वेगळी, कारण तिच्या तारखा कारखान्याच्या हातात नाहीत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून १५-१६ ऑक्टोबर आणि १४ एप्रिल हे या जिल्ह्याच्या गाण्याचे ठरलेले दिवस आहेत. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली हजारो गाणी अशाच मंचांवरून माणसांच्या तोंडी गेली. कव्वालीचा मुकाबला रंगायचा मध्यरात्रीनंतर, दोन पार्ट्या एकमेकींना गाण्यातून कोंडीत पकडायच्या. कॅसेट स्वस्त झाल्यावर या गायकांना पहिल्यांदा मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपला आवाज विकता आला. भारतात हे किती भाषांत आणि कसं घडलं, यावर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं आली आणि कॅसेटचं उत्पन्न एका फटक्यात संपलं. दुसरा दणका २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट. झोपणाऱ्याचा हक्क मोठा आहे आणि नियम योग्यच आहे. पण जो प्रकार मध्यरात्रीनंतरच फुलतो, त्याच्यासाठी वेगळी बंदिस्त जागा देण्याचा विचार आपल्या नगरपालिकांनी केला नाही. सभागृह बांधताना आपण लग्नाचा विचार करतो, आवाज बाहेर न जाण्याचा करत नाही.

या सगळ्यांत सर्वांत कमी पडझड झाली ती खंजिरीची. तुकडोजी महाराजांनी चिमूरच्या परिसरात खंजिरीवर भजनं म्हटली, १९४२ च्या उठावात त्या भजनांची धास्ती इंग्रज सरकारने घेतली आणि महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांची भजनं आजही या जिल्ह्यातल्या लहानसहान गावांत चालतात. खंजिरीला वीज लागत नाही, तिकीट लागत नाही, ती पिशवीत मावते आणि रोजच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे तिला हंगामाची वाट पाहावी लागत नाही. तिच्यावर कुणाचं पोटही चालत नाही, ही तिची मर्यादा आणि तिच्या टिकण्याचं कारणही.

गेल्या काही वर्षांत राजुरा, जिवतीकडची पोरं गोंडी गाणी स्वतः रचून, स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकू लागली आहेत. तेलंगणातल्या आदिलाबादपासून छत्तीसगडपर्यंतचे गोंडी भाषक ती ऐकतात. आजवर राज्यांच्या सीमांनी तुकड्यांत वाटलेला हा श्रोता पहिल्यांदा एकत्र मिळतो आहे. झाडीपट्टीची गाणीही तिथे येतात. पाहणारे खूप, पैसे थोडे. ही गाणी चालली तर मंचावर बोलावणं येतं आणि खरी कमाई त्या बोलावण्याची. म्हणजे फिरून प्रश्न तोच, मंच कुठे आहे?

बल्लारपुरात तो उभा करायचा तर कारखान्याकडे पाहून चालणार नाही. गावाला स्वतःच्या तारखा आहेत: भीमजयंती, तेलुगू बायकांचा बतुकम्मा, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, जिला नांदेडकडून गात-वाजवत माणसं येतात. यातल्या एका तारखेला जोडून दरवर्षी ठरलेली तीन दिवसांची स्थानिक मैफल हवी, बंद सभागृहात, तिकीट लावून, जोखीम मोहल्ल्यातल्या मंडळाने वाटून घेतलेली. वडशाने हे करून दाखवलं आहे आणि तिथून शिकायला गाडी रोज जाते. पहिल्या वर्षी घाटा येईल. झाडीतल्या गावांनाही तो येतो, आणि पुढच्या दिवाळीला तीच गावं पुन्हा वडशाला विसार घेऊन जातात.